कुलवृत्तांत की नामावळी?

जयपुरातील मराठी घरांत गेली काही वर्षे वंशावळी जुळविण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. रविवारी सकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात पाच-सात मंडळी जमतात. एकाच्या पिशवीत पिवळ्या पडलेल्या पानांचा छापील कुलवृत्तांत असतो, दुसऱ्याकडे आजोबांच्या हातच्या मोडी टिपणाची छायाप्रत असते, तिसऱ्याच्या फोनमध्ये त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील पानाचे छायाचित्र असते. चहा येतो, चष्मे चढतात, आणि रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावापासून पिढ्या मोजावयास सुरुवात होते. ह्यांतील कोणीही धंदेवाईक इतिहाससंशोधक नाही. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी हिशेबतपासणीच्या कचेरीतले, कोणी महाविद्यालयात शिकविणारे. ही सर्व हौशी माणसे आहेत, आणि आम्हीही त्यांच्यातलेच आहोत. म्हणून पुढे जे कठोर लिहावे लागणार आहे ते परक्याने केलेली टवाळी म्हणून वाचले जाऊ नये, एवढीच आमची प्रारंभी विनंती आहे.

अशाच एका बैठकीत, वर्षानुवर्षे गणेशोत्सवात एकमेकांना नुसता नमस्कार करणारे दोन गृहस्थ सात पिढ्यांवर एकाच पुरुषाचे वंशज ठरले. दोघांचेही डोळे पाणावले. श्रावण होता म्हणून यजमानांनी घेवर आणविला. परप्रांतात आपल्या रक्ताचे कोणी आहे हे अचानक कळल्यावर होणारा आनंद खोटा नसतो. ज्याने तो अनुभवला नाही त्याने त्यास हसू नये. परंतु घेवर संपला आणि दोघे गप्प बसले. पुढे काय बोलावे हे त्यांस सुचेना. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या यजमानांच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे बाबांनो, नावं जुळली हे चांगलंच झालं. पण तुमच्याकडे बोडण दर वर्षी भरतात, की लग्नमुंज झाल्यावरच, ते विचारा की एकमेकांना!” मंडळी कौतुकाने हसली आणि पुन्हा कागदांकडे वळली.

आजी मात्र बोलत राहिल्या. १९५२ साली नवी नवरी म्हणून त्या जयपुरास आल्या. सवाई माधोपूरला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या डब्यात बसताना सामानातला आमसुलांचा डबा फलाटावरच राहिला, आणि पहिल्या वर्षभर आमटीत आमचूर घालावी लागली, म्हणून त्या सासऱ्यांसमोर रडल्या. चांदपोलजवळच्या गल्लीत शेजारची मालीण त्यांना ढुंढाडी शिकवी आणि त्या तिला थालीपीठ लावावयास शिकवीत. संक्रांतीच्या दिवशी सारे शहर गच्चीवर पतंग उडवीत असताना त्या एकट्याच खाली तिळगूळ घेऊन कोणी येते का म्हणून वाट पाहत बसल्या होत्या. हे सर्व त्यांनी अर्धा तास सांगितले. आमच्या हातात पेन्सिल होती. समोर कोरा कागद होता. आम्ही त्यावर एका सतराव्या शतकातील पुरुषाचे नाव दुरुस्त करीत होतो. पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या. त्यांच्या घरच्या वंशावळीत त्यांची नोंद आहे, ती एक ओळीची: सासरचे नाव, कंसात माहेरचे आडनाव.

आमचा वाद ह्या एका ओळीशी आहे. आज आम्ही जे जमवीत आहोत ते कुलाचे वृत्त नव्हे, ती नामावळी आहे. आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला नुसत्या नामावळीचा काडीइतकाही उपयोग नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुलवृत्तांतकारांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपासून महाराष्ट्रात घराण्याघराण्यांनी मंडळे स्थापिली, छापील प्रश्नपत्रिका टपालाने गावोगाव धाडल्या, उत्तरे न देणाऱ्या आप्तांच्या दाराशी खेटे घातले, आणि पदरमोड करून जाडजूड ग्रंथ छापिले. मॉरीन पॅटर्सन ह्या अमेरिकन विदुषीने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावनांचे हे कुलवृत्तांत महाराष्ट्रातील समाजरचनेच्या आणि तिच्या स्थित्यंतराच्या अभ्यासाचे साधन म्हणून पुढे मांडिले. कोण कोठून निघाला, काय शिकला, कोणती नोकरी धरली, हे त्या कोरड्या नोंदींतूनही हाती लागते. म्हणजे नोंदी होत्या म्हणूनच अभ्यास झाला. हे सर्व मान्य करूनही आम्ही विचारतो: आज, शंभर वर्षांनंतर, आम्ही त्याच प्रश्नपत्रिकेतील तेच रकाने भरीत का बसावे?

पहिला दोष गणिताचा आहे. माणसाला आईबाप दोन, आजेआजोबा चार, पणजेपणज्या आठ. ह्याच हिशेबाने सात पिढ्या वर गेल्यास त्या एका पातळीवर एकशे अठ्ठावीस पूर्वज उभे राहतात. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत काही नावे दोनदा येतील आणि संख्या थोडी घटेल, एवढेच. ह्या एकशे अठ्ठावीस जणांपैकी आमची वंशावळ एकाला ओळखते. उरलेल्या एकशे सत्तावीसांचे रक्त आमच्या अंगात तेवढेच आहे. पण त्यांचे आडनाव आमचे नाही म्हणून ते परके! आणि त्या पिढीच्या नेमक्या अर्ध्या, म्हणजे चौसष्ट, बायका आहेत. मुलगी जन्मली की एक आकडा, लग्न झाले की “सासर अमुक”, आणि तेथे फांदी तोडलेली. तिची मुले दुसऱ्या ग्रंथात जातात. तो ग्रंथ निघाला तर!

येथे आमचे काही मित्र शास्त्राचा आधार घेतात. लग्नात मुलीचे गोत्र पालटते, तेव्हा ती दुसऱ्या कुलाची झाली, असे ते म्हणतात. शास्त्रच काढावयाचे असेल तर त्यांनी श्राद्धाचा प्रयोग उघडून पाहावा. तेथे पिता, पितामह, प्रपितामह ह्यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही ह्यांची नावे घ्यावी लागतात. आईच्या वडिलांपासून वरच्या तीन पिढ्या येतात. आणि भाद्रपदातील महालयात तर मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, स्नेही ह्या सर्वांना बोलावून तृप्त केले जाते. म्हणजे ज्या धर्मविधीला आम्ही जुनाट म्हणतो त्याचे अंतःकरण आमच्या नव्या वंशावळीहून मोठे आहे. आजीचे माहेरचे नाव श्राद्धाच्या दिवशी तरी कोणी विचारी. आमच्या तक्त्यात तेवढाही रकाना नाही.

शिवाय आम्ही ज्या प्रांतात राहतो तो तर वंशावळीचे माहेरघर आहे. राजस्थानात भाट, बडवे आणि जागा पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी वही घेऊन येतात, जुनी नावे वाचून दाखवितात, नवी जन्मलेली नावे टिपतात आणि आपली बिदागी घेऊन जातात. कर्नल टॉडने १८२९ ते १८३२ ह्या काळात आपला राजस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, तो ह्या लोकांच्या मुखातून ऐकलेल्या गोष्टींवर बराचसा उभा आहे. आपल्याकडेही दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी बैल घेऊन दारी येतात आणि ज्यांच्या घरी कधी कागद नव्हता अशा शेतकरी कुळांचे पूर्वज सांगतात. तेव्हा कागद असेल त्यालाच कुळ, ही समजूतही टाकून द्यावी. पण आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते राणीमंगा भाटांविषयी. हे भाट राजपूत घराण्यांतील स्त्रियांच्या नोंदी ठेवीत आणि मागणे मागावयाचे तेही राण्यांकडेच मागत. म्हणून त्यांचे नाव राणीमंगा. जोधपूरच्या राण्यांची नावे, माहेरे आणि मुले कळण्यास ह्या वह्यांचा आधार घेतला जातो. ज्या समाजात स्त्री पडद्याबाहेर पडत नव्हती त्या समाजाने तिच्यासाठी वेगळी वही राखली; आणि ज्या समाजाने मुलींच्या शाळा काढल्या म्हणून आम्ही अभिमान मिरवितो त्या समाजाच्या वंशावळीत ती कंसात बसते. ह्याची आम्हांस लाज वाटावयास नको काय?

दुसरा दोष निवडीचा आहे. आमच्या बैठकांत ज्याचा पूर्वज मल्हारराव होळकरांबरोबर किंवा महादजी शिंद्यांबरोबर उत्तरेत आला असे ठरते त्याची मान ताठ होते. तो पूर्वज येथे काय करावयास आला होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. जयपुरात राहून तरी ते विचारावयास हवे. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या सवाई ईश्वरीसिंगाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन प्राण दिला. माधोसिंग गादीवर आला. जानेवारी १७५१ मध्ये नव्या वसविलेल्या ह्या नामांकित शहराची देवळे आणि बाजार पाहावयास मराठे तटाच्या आत शिरले असता शहरातील लोक त्यांच्यावर उठले आणि त्यांची भयंकर कत्तल झाली. लढवय्ये मेले तसे ज्यांनी कधी तलवार धरली नसेल असेही मेले. ही हकीकत सुखाची नाही. दोन्ही बाजूंना ती लाजिरवाणी आहे. पण आज आमच्या मुली ज्या चौपडीवर बांगड्या घ्यावयास जातात त्याच रस्त्यांवर ती घडली. ज्या वंशावळीत सरदारकी आहे पण खंडणी नाही, मोहीम आहे पण तिच्यात मेलेला खिजमतगार नाही, ती वंशावळ इतिहास म्हणून मांडू नये. ती सोयरिकीच्या वेळी दाखविण्याची वस्तू आहे.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत जिव्हारी लागतो. आमचे मित्र म्हणतात, “आपला इतिहास महाराष्ट्रात, जयपूर म्हणजे बदलीचे गाव.” बदलीच्या गावी तीन पिढ्या जन्मल्या, वाढल्या आणि काही स्मशानातही गेल्या, तरी ते बदलीचेच! अशा समजुतीचे फळ काय मिळते ते ह्या शहरातच पाहावे. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय ब्राह्मण ज्योतिषी होता. राजाच्या इच्छेने तो अरबी आणि फारसी शिकला. युक्लिडची भूमिती त्याने अरबीतून ‘रेखागणित’ ह्या नावाने संस्कृतात आणिली, आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाला ‘सिद्धांतसम्राट’ हे संस्कृत रूप दिले. राजाचा गुरू रत्नाकर पौंडरीक हाही मूळचा महाराष्ट्रीयच म्हणून सांगितला जातो. गढ गणेशाच्या टेकडीखाली ब्रह्मपुरीत पुंडरीकांच्या हवेलीतील भित्तिचित्रे आज पुरातत्त्वखात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना जंतरमंतर दाखवितो आणि अभिमानाने सांगतो, “आपला माणूस होता बरे का!” ठीक आहे. पण त्या माणसाच्या घरात कोणत्या पिढीत मराठी थांबली? आईने मुलाला पहिल्यांदा ढुंढाडीत हाक मारली तो दिवस कोणता? चैत्रागौर कधी गेली आणि गणगौर कधी आली? पंडिताचे ग्रंथ उरले आणि घर मात्र निःशब्दपणे दुसरे झाले. ते वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. माणसे ज्या भूमीत राहतात त्या भूमीची होणारच, आणि झालेलीच बरी. पण कसे झाले हे जर त्या घरातील एखाद्या सुनेने चार पानांत लिहून ठेविले असते तर आज त्या चार पानांसाठी आम्ही दहा वंशावळी आनंदाने दिल्या असत्या. तीच स्थित्यंतराची वेळ आज आमच्या घरांवर आली आहे, आणि आम्ही पुन्हा पंडिताचेच नाव लिहून ठेवीत आहोत.

ह्यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा की, नावे आणि साले कागदावर ताडून पाहता येतात. आजीबाईंच्या आठवणी कशावर ताडावयाच्या? आठवण चुकते, रंगते, स्वतःला सोयीचे तेवढेच धरून ठेविते. हे खरे आहे. परंतु छापील कुलवृत्तांतातील मूळपुरुष तरी कोठे ताडून घेतला होता? तोही कोणा एका वृद्धाच्या तोंडचाच होता. छापला गेला म्हणून तो पुरावा झाला. आठवण ही आठवण म्हणून लिहावी, कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली ते खाली टिपावे, दुसऱ्या घरची निराळी आठवण तिच्या शेजारी ठेवावी. मग वाचणारा आपला विवेक आपण करील.

आणि रोजच्या जगण्याला क्षुद्र म्हणणाऱ्यांना आम्ही दोन ग्रंथांची आठवण करून देतो. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळेल ह्या आशेने निघाले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. त्यांनी आपली हकीकत लिहिली, चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने छापविली, म्हणून झाशीच्या वेढ्यातील भूक आणि भीती आज आम्हांस ठाऊक आहे. नुसत्या वंशावळीत ह्या भिक्षुकाला कोणती ओळ मिळाली असती? “उत्तरेकडे गेले, परत आले.” तसेच लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ नसती तर एका कवीची पत्नी म्हणून एका कंसात त्या मावल्या असत्या. जे घरातले आहे ते क्षुद्र नसते. ते लिहिण्याचा आळस मात्र क्षुद्र असतो.

मग करावे काय? आमचे मागणे मोठे नाही. वंशावळ अवश्य करावी, पण तिच्यात मुलींच्या फांद्या मुलांच्या इतक्याच लांब न्याव्यात, आणि प्रत्येक सुनेचे माहेरचे संपूर्ण नाव, जन्मगाव आणि आईचे नाव लिहावे. प्रत्येक घराने एक साधी वही घालावी आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपासून आरंभ करून विचारावे: जयपुरास कोणत्या साली, कोणत्या गाडीने आलात? पहिल्या बिऱ्हाडाचे भाडे किती होते आणि पाणी कोठून भरीत? शेजारी कोण होते, आणि त्यांनी तुम्हांस आपल्या घरात कोठपर्यंत येऊ दिले, तुम्ही त्यांस कोठपर्यंत? गोडा मसाला संपला की काय करीत? घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे नाव काय? कोणते सण सोडले, कोणते नवे धरले? दुःखाच्या प्रसंगी कोण धावून आले? ह्या उत्तरांत घराची अपकीर्ती होईल असेही काही निघेल. निघू द्यावे. ज्या घरात कधी कोणी कर्ज बुडविले नाही, कोणी पळून गेले नाही, कोणा विधवेचा छळ झाला नाही, असे घर आम्ही तरी पाहिलेले नाही.

आणि हे सर्व मराठीत लिहावे. जशी येते तशा मराठीत. येथे वाढलेली आमची मुले “मला खूप चांगले लागले” असे म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत बापडे. त्या चुकलेल्या वाक्यात आमचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे; तो शुद्ध करून पुसून टाकू नये. लिपीची तर सबबच नाही. शाळेत हिंदी शिकणारे मूल देवनागरी वाचतेच. त्याला मराठी वाचता येत नाही असे आपण म्हणतो तेव्हा खरे म्हणजे त्याने वाचावे असे काही आपण लिहिलेले नसते. पणजोबांच्या पणजोबांचे नाव वाचण्यासाठी कोणतेही मूल भाषा शिकणार नाही. पण आपली पणजी आमसुलांच्या डब्यासाठी रडली होती हे वाचावयास मिळाले, तर ‘आमसूल’ म्हणजे काय हे तरी ते विचारील.

ते दोन गृहस्थ त्यानंतर एकमेकांकडे फारसे गेले नाहीत, असे आम्हांस कळले. सात पिढ्यांवरचा एक पुरुष दोन घरे जोडण्यास अपुरा पडला. त्यांनी त्या दिवशी बोडणाविषयी विचारले असते तर दोन्ही घरच्या बायका कदाचित एकत्र आल्या असत्या. येत्या रविवारी आमच्याच घरी बैठक आहे. ह्या वेळी कागद दुपारी उघडावयाचे, असे आम्ही मंडळींस कळविले आहे. सकाळची वेळ ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी राखून ठेविली आहे. त्यांना आणावयास रिक्षा सांगितली आहे, आणि कोरी वहीही आणून ठेविली आहे.